एफ-८ दाबलं आणि मांडलेले पार्ट बोर्डाबाहेर गेले: स्कीमॅटिक आणि बोर्ड पुन्हा कसे जोडायचे

किकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचं राउटिंग, म्हणजे पार्ट जोडणारे तांब्याचे ट्रॅक ओढणं, जवळपास संपलेलं असतं. एका रेझिस्टरची किंमत (व्हॅल्यू, म्हणजे किती ओहम) बदलायची म्हणून तुम्ही स्कीमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, जाता, ती बदलता, ‘अपडेट पीसीबी फ्रॉम स्कीमॅटिक’ म्हणजे एफ-८ दाबता, आणि दहा-पंधरा पार्ट कर्सरला चिकटून येतात, जणू आत्ताच पहिल्यांदा बोर्डावर आले. त्यांच्या जुन्या जागी नुसते ट्रॅक उरलेले असतात, टोकाला पॅड (पार्टचे पाय सोल्डर होतात त्या तांब्याच्या जागा) नाहीत. किंवा याचं दुसरं रूप दिसतं: जुने पार्ट जागेवरच आहेत, पण त्याच नावाचे नवे पार्ट शेजारी आले आहेत. दोन आर-५, दोन सी-१२.

किकॅडमध्ये काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं. बरेच जण त्यावर एकच उपाय करतात: पार्ट पुन्हा हाताने मांडायचे, ट्रॅक पुन्हा ओढायचे आणि पुढच्या वेळी एफ-८ ला हात लावताना घाबरायचं. या भीतीची गरज नाही. स्कीमॅटिक आणि बोर्ड कशाने बांधलेले असतात हे एकदा कळलं की काय तुटलं ते दोन मिनिटांत सापडतं. खाली लिहिलेलं सगळं आवृत्ती ६ आणि त्यापुढच्यांना धरून आहे. ६ ही २०२१च्या डिसेंबरमध्ये आली आणि तिच्यापासून फाइलींची रचनाच बदलली.

पार्ट आत्ता, या क्षणी कर्सरला लटकत असतील तर आधी एवढं करा. एस्केप दाबा, मग कंट्रोल-झेड. एफ-८ ने केलेला बदल मागे घेता येतो. फाइल सेव्ह करू नका. सेव्ह झालीच असेल तर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘बॅकअप्स’ शेपटीचं एक फोल्डर असतं, त्यात तारीख-वेळेच्या नावानं झिप फाइली असतात. बोर्डाची कालची प्रत तिथे मिळण्याची बरीच शक्यता आहे. गिट (फाइलींच्या जुन्या प्रती जपणारं साधन) वापरत असाल तर प्रश्नच नाही.

आता कारण. आपल्याला वाटतं की स्कीमॅटिकमधला आर-५ आणि बोर्डावरचा आर-५ नावाने जोडलेले आहेत. तसं नाही. प्रत्येक सिम्बॉलला (स्कीमॅटिकमधल्या पार्टच्या चिन्हाला) एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कोणाचाही नसलेला ओळख क्रमांक, असतो, मधल्या आडव्या रेघा धरून ३६ अक्षरांचा, आणि बोर्डावरच्या फूटप्रिंटमध्ये (पार्टच्या पॅडांच्या आराखड्यात) तो ‘पाथ’ नावाच्या ओळीत लिहिलेला असतो. जोडणी याच्यावर चालते. ‘आर-५’ हे माणसांनी वाचायचं नाव आहे. म्हणून तर स्कीमॅटिक पुन्हा ॲनोटेट करून, म्हणजे पार्टना नव्याने क्रमांक देऊन, आर-५ चा आर-१७ केला तरी बोर्डावरचा पार्ट जागेवर राहतो आणि फक्त त्याचं नाव बदलतं.

हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. बोर्डाची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, एखादं फूटप्रिंट शोधा आणि त्यातली पाथची ओळ वाचा. अवतरणचिन्हात आधी तिरकी रेघ, मग ती लांबलचक ओळख. पार्ट मुख्य शीटवर असेल तर एकच ओळख असते. उपशीटवर असेल तर आधी शीटच्या चौकोनाची ओळख, पुन्हा तिरकी रेघ, मग सिम्बॉलची. प्रोजेक्ट आवृत्ती ५ मधून आणलेला असेल तर पाथची सुरुवात शून्यांच्या रांगेनं होते, कारण जुनी ओळख फक्त ८ अक्षरांची होती आणि तिला नव्या साच्यात बसवण्यासाठी पुढे शून्यं लावली गेली. तीच ओळख स्कीमॅटिकच्या फाइलमध्ये शोधा. सापडली तर धागा शाबूत आहे. नाही सापडली तर एफ-८ च्या दृष्टीने बोर्डावरचा तो पार्ट अनाथ आहे आणि स्कीमॅटिकमधला सिम्बॉल नवा आहे. एक काढायचा, एक घालायचा, एवढंच त्याला कळतं. ‘डिलीट फूटप्रिंट्स विथ नो सिम्बॉल्स’ वर टिक असेल तर जुना जातो. टिक नसेल तर जुना राहतो आणि नवा शेजारी येतो. वर सांगितलेल्या दोन रूपांमधला फरक फक्त या एका टिकचा आहे.

मग ही ओळख बदलते कधी? सिम्बॉल डिलीट करून त्याच जागी नवा ठेवला तर बदलते, हे उघड आहे. सर्किटचा तुकडा कट करून दुसऱ्या शीटवर पेस्ट केला तरी बदलते, कारण पाथमध्ये शीटचीही ओळख असते आणि शीट आता वेगळी आहे. सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रकार तिसरा: मुख्य शीटवरचा उपशीटचा चौकोन पुसून पुन्हा काढणे. आतली फाइल तीच, सिम्बॉल तेच, एक वायरही हललेली नाही. पण चौकोन नवा म्हणजे शीटची ओळख नवी, आणि त्या शीटमधल्या प्रत्येक पार्टचा पाथ त्या एका क्लिकने बदलला. ‘चौकोन जरा वेडावाकडा होता म्हणून नीट काढला’ यातून शंभर पार्ट बोर्डाबाहेर गेलेले मी पाहिले आहेत. चौकोनाचा आकार बदला, तो हलवा, त्याचं नाव बदला, या कशानेही काही बिघडत नाही. पुसू मात्र नका.

धागा तुटलाच असेल तर एफ-८ च्या त्याच खिडकीत त्यावर उपाय आहे: ‘री-लिंक फूटप्रिंट्स टू स्कीमॅटिक सिम्बॉल्स बेस्ड ऑन देअर रेफरन्स डेझिग्नेटर्स’. त्यावर टिक केली की एवढ्या एका वेळेपुरती जोडणी नावावरून होते. स्कीमॅटिकमधल्या आर-५ ला बोर्डावरचा आर-५ सापडतो, आणि सापडला की नवी ओळख त्याच्या पाथमध्ये लिहिली जाते. पार्ट जागचे हलत नाहीत.

पण यासाठी दोन्हीकडची नावं जुळायला हवीत, आणि माझी चूक नेमकी इथेच झाली. एका बोर्डावर मी सुरुवातीला फिल्टरचा एक भाग वाढवला, मग सगळं स्कीमॅटिक डावीकडून उजवीकडे नव्याने ॲनोटेट केलं. इथवर ठीक होतं, धागे शाबूत होते, साध्या एफ-८ ने बोर्डावरची नावं आपसूक बदलली असती. मी मात्र सवयीनं री-लिंकवर टिक केली. आता आर-७ म्हणजे स्कीमॅटिकमध्ये एलईडीचा रेझिस्टर आणि बोर्डावर ऑप-ॲम्पच्या फीडबॅकमधला, आणि प्रोग्रॅमने मी सांगितलं तसंच केलं: दोघांची गाठ मारली. सगळे रेझिस्टर एकाच मापाचे, ०६०३, त्यामुळे बोर्डाकडे बघून काहीच हललेलं दिसेना. फक्त रॅट्सनेस्टच्या (अजून न जोडलेले पॅड दाखवणाऱ्या) बारीक रेघा अचानक बोर्डभर आडव्यातिडव्या पसरल्या. डीआरसी (बोर्डाची नियम-तपासणी) चालवल्यावर शॉर्टची मोठी यादी आली. आधी मला वाटलं झोन (तांब्याने भरायचे भाग) नीट भरले गेले नसावेत, आणि अर्धा तास मी तांबं पुन्हा पुन्हा भरत बसलो.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी नावं जुळलेली असताना री-लिंक. मग टिक काढून साधं एफ-८. ॲनोटेशन बदलायचं असेल तर ते त्यानंतर. नावं आधीच बदलून बसली असतील, किंवा नवा चौकोन काढल्यामुळे आतल्या सिम्बॉलांची नावं पुन्हा प्रश्नचिन्हावर (‘आर-?’ अशी) आली असतील, तर री-लिंकच्या नादी लागू नका. स्कीमॅटिकची जुनी प्रत काढा, तिच्यात धागा शाबूत आहे का बघा, आणि केलेले बदल तिच्यावर पुन्हा करा. वाचायला हे लांबचं वाटतं, पण शंभर रेझिस्टरांपैकी कोणता कोणाशी चुकीचा जोडला गेला ते शोधण्यापेक्षा बरंच जवळचं आहे.

एफ-८ ची खिडकी उघडली की बदल लगेच होत नाहीत. काय काय होणार आहे याची यादी खाली येते आणि ‘अपडेट पीसीबी’चं बटण दाबेपर्यंत बोर्डाला हात लागत नाही. ही यादी फार कमी लोक वाचतात, कारण तिच्यात प्रत्येक पार्टमागे एक माहितीची ओळ असते आणि ती शेकडो ओळींची होते. माहितीच्या ओळी लपवा. फक्त कृती, इशारे आणि चुका ठेवा. मी बटण दाबायच्या आधी स्वतःला विचारतो: स्कीमॅटिकमध्ये मी किती गोष्टी बदलल्या? एका रेझिस्टरची किंमत बदलली असेल तर यादीत एक ओळ हवी. तिथे पार्ट घालण्याच्या आणि काढण्याच्या जोड्या दिसल्या, ‘आर-५ काढला, आर-५ घातला’, तर धागा तुटलेला आहे. खिडकी बंद करा आणि आधी वरचं दुरुस्त करा. ही एक सवय लागली की या दुखण्याचा मोठा भाग संपतो.

त्याच खिडकीतली आणखी एक अडचण: माउंटिंग होल, फिड्युशियल (पार्ट बसवणाऱ्या मशीनसाठीच्या खुणा), लोगो. हे बऱ्याचदा थेट बोर्डावर ठेवलेले असतात, स्कीमॅटिकमध्ये त्यांचा सिम्बॉल नसतो. ‘सिम्बॉल नसलेले काढा’ ही टिक लागली की तेही जातात. चार कोपऱ्यांतले चार होल गेलेले राउटिंगच्या गर्दीत लक्षात येत नाहीत, बोर्ड बनून आल्यावर येतात. अशा प्रत्येक फूटप्रिंटच्या प्रॉपर्टीत ‘नॉट इन स्कीमॅटिक’ लावून ठेवा, मग एफ-८ त्यांना सोडून देतो. कनेक्टरसारखे जागेला पक्के पार्ट लॉक करा. लॉक असलेला पार्ट काढता येत नाही असं यादीत आलं तर तीही धागा तुटल्याची खूण समजा.

ही अडचण एकट्या किकॅडची नाही. अल्टियम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही युनिक आयडीच असतात, आणि तुटले की ‘कॉम्पोनंट लिंक्स’मध्ये जाऊन नाव, कॉमेंट किंवा फूटप्रिंटवरून पुन्हा जुळवावे लागतात. ईगलमध्ये स्कीमॅटिक आणि बोर्ड दोन्ही फाइली एकाच वेळी उघड्या असाव्या लागतात. एक बंद असताना दुसरीत बदल केला की दोघांमधली जोडणी तुटते आणि मग फरक हाताने मिटवत बसावं लागतं. स्कीमॅटिक आणि बोर्ड हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत आणि त्यांच्यामध्ये शिवण आहे. किकॅडमध्ये तर ती शिवण फार जुनी आहे. १९९२ मध्ये ग्रनोबलच्या जाँ-पिएर शारास यांनी हे काम सुरू केलं, आणि पुढे बराच काळ स्कीमॅटिकचा प्रोग्रॅम वेगळा, बोर्डाचा वेगळा आणि मध्ये हाताने काढून हाताने वाचायला द्यायची नेटलिस्ट (कोणती पिन कोणाशी जोडायची त्याची यादी) फाइल, अशीच पद्धत होती. आज एक कळ दाबून काम होतं, पण आत अजूनही नेटलिस्टच एकीकडून दुसरीकडे जाते.

आता दुसरा धागा. हा तुटला तर काहीही उडत नाही, काहीही लाल होत नाही, आणि म्हणून तो पहिल्यापेक्षा धोक्याचा आहे. सिम्बॉलच्या पिनचा क्रमांक आणि फूटप्रिंटच्या पॅडचा क्रमांक यांची जोडणी फक्त आकडा बघून होते. पिन ३ पॅड ३ ला जाते. पिनचं नाव ‘व्ही-आउट’ आहे की ‘ग्राउंड’, याच्याशी प्रोग्रॅमला देणंघेणं नसतं.

उदाहरण जवळून बघा. ७८०५ हा टीओ-२२० पॅकेजमधला रेग्युलेटर: १ इनपुट, २ ग्राउंड, ३ आउटपुट. करंट कमी लागतो म्हणून तुम्ही त्याच्या जागी ७८एल०५ घ्यायचं ठरवता, टीओ-९२ मध्ये. स्कीमॅटिकमध्ये सिम्बॉल तोच ठेवता, फूटप्रिंटच्या रकान्यात टीओ-९२ निवडता. ईआरसीत (स्कीमॅटिकच्या तपासणीत) शून्य चुका, डीआरसीत शून्य. पण ७८एल०५ ची मांडणी उलटी आहे: १ आउटपुट, २ ग्राउंड, ३ इनपुट. बोर्डावर इनपुट आणि आउटपुटची अदलाबदल झालेली आहे आणि तुमच्याकडे दोन्ही तपासण्यांचे हिरवे निकाल आहेत.

ट्रान्झिस्टरचंही तेच. एसओटी-२३ मधला ३९०४ घेतला तर १ बेस, २ एमिटर, ३ कलेक्टर. तोच ३९०४ टीओ-९२ मध्ये: १ एमिटर, २ बेस, ३ कलेक्टर. बीसी५४७ टीओ-९२ मध्येच, पण १ कलेक्टर, २ बेस, ३ एमिटर. तिन्ही एनपीएन, तिन्हींचं चित्र सारखंच. लायब्ररीत पिनांच्या क्रमानुसार वेगवेगळे सिम्बॉल असतात ते याचसाठी, आणि ‘एनपीएन हवा होता, पहिला दिसला तो घेतला’ यातून चूक होते ती इथेच.

यावर तपासणीची आपोआप चालणारी युक्ती मला अजून सापडलेली नाही. मी हाताने करतो ते असं. तीन किंवा जास्त पायांचा प्रत्येक पार्ट बोर्डावर मोठा करून बघतो. पॅडवर क्रमांक आणि नेटचं (एकमेकांना जोडलेल्या पिनांच्या गटाचं) नाव दोन्ही दिसतात. शेजारी डेटाशीट उघडतो, पॅकेजच्या चित्रावरचा क्रमांक बघतो आणि मोठ्याने म्हणतो: ‘पॅड एक, बेस, आणि बेसला जाणारी नेट’. मोठ्याने म्हटल्यावर चूक ऐकू येते. चित्र वरून काढलंय की खालून, हे चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. टीओ-९२ ची चित्रं कितीतरी वेळा खालून काढलेली असतात. नंतर बोर्ड एकास एक मापात कागदावर छापून खरे पार्ट त्यावर ठेवतो. माप चुकलं असेल तर तेही तिथेच कळतं.

क्यूएफएन या बाहेर पाय नसलेल्या चपट्या पॅकेजच्या पोटाखालच्या थर्मल पॅडचा घोळही याच जातीचा. सिम्बॉलमध्ये त्या पिनचा क्रमांक ३३ आणि फूटप्रिंटमध्ये पॅडचं नाव ‘ईपी’. आकडा जुळला नाही, पॅड ग्राउंडला जोडला गेला नाही. सिम्बॉलमधली पिन फूटप्रिंटमध्ये सापडली नाही तर एफ-८ च्या यादीत चूक म्हणून येते. उलट बाजूनं, पॅड आहे पण सिम्बॉलमध्ये तशी पिनच नाही, तर फक्त इशारा येतो. म्हणून यादीतले इशारे लपवू नका.

तिसरा धागा लायब्ररीचा. ‘मी फूटप्रिंट दुरुस्त केलं, एफ-८ दाबलं, बोर्डावर जुनंच आहे.’ हे इतक्या वेळा ऐकलंय की वेगळं लिहितो. बोर्डावर असते ती फूटप्रिंटची प्रत. लायब्ररीतलं मूळ बदललं तरी प्रत बदलत नाही. एफ-८ मधला ‘रिप्लेस फूटप्रिंट्स’चा पर्याय फूटप्रिंटचं नाव बदललं असेल तरच प्रत बदलतो. तुम्ही त्याच नावाच्या फूटप्रिंटमध्ये पॅड रुंद केला असेल तर त्याच्या लेखी काहीच बदललेलं नाही. बोर्डाच्या टूल्स मेन्यूत ‘अपडेट फूटप्रिंट्स फ्रॉम लायब्ररी’ आहे, ते चालवा. चालवताना मजकुराची जागा आणि मांडणी पूर्ववत करण्याच्या पर्यायांवरची टिक काढून ठेवा, नाहीतर सिल्कस्क्रीनवर (बोर्डावर छापायच्या मजकुराच्या थरावर) हाताने नीट लावलेली सगळी नावं लायब्ररीतल्या जागेवर परत जातील.

सिम्बॉलचंही आवृत्ती ६ पासून असंच आहे: वापरलेल्या प्रत्येक सिम्बॉलची प्रत स्कीमॅटिकच्या फाइलमध्येच राहते. आवृत्ती ५ मध्ये प्रती वेगळ्या ‘कॅश’ फाइलमध्ये असायच्या. ती द्यायची राहिली की समोरच्याकडे स्कीमॅटिकभर प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसायचे. तो त्रास गेला. बदल्यात एक नवा गैरसमज आला: प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर उघडला आणि दिसला, म्हणजे लायब्ररी ठीक आहेत. लायब्ररी तिथे नसूनही तो दिसतो, प्रतींमुळे. कोणी तिथे ‘लायब्ररीतून अपडेट’ केलं की मग त्या मशीनवर त्या नावाची जी काही लायब्ररी असेल तिच्यातलं येतं.

यावर एकच पक्का उपाय मला माहीत आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच स्वतःच्या सिम्बॉल आणि फूटप्रिंटची लायब्ररी ठेवा, ती प्रोजेक्टच्या यादीत घाला, मशीनच्या सामाईक यादीत नाही, आणि तिचा रस्ता लिहिताना पूर्ण पत्त्याऐवजी ‘केआयपीआरजेएमओडी’ हा व्हेरिएबल वापरा. प्रोजेक्ट कुठेही हलवला तरी तो प्रोजेक्टच्याच फोल्डरकडे बोट दाखवतो. दोन्ही लायब्ररी-याद्यांच्या फाइली गिटमध्ये जाऊ द्या. ‘पीआरएल’ शेपटीची फाइल मात्र नको, तिच्यात फक्त तुमच्या खिडक्यांची आणि लेयरची वैयक्तिक स्थिती असते आणि ती दर वेळी बदललेली दिसते. एकत्र काम करणाऱ्या सगळ्यांची किकॅडची आवृत्तीही एकच ठेवा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि गटातल्या एकाने अपग्रेड केलं की दुसऱ्याचं काम थांबतं. कोणती फाइल कुठल्या काळातली ते तिच्या सुरुवातीच्याच ओळींत दिसतं: तिथला आकडा तारखेसारखा असतो, जसं आवृत्ती ८ च्या स्कीमॅटिकमध्ये २०२३११२०.

ईआरसीच्या दोन नेहमीच्या तक्रारी, थोडक्यात. ‘पॉवर इनपुट पिनला कोणी चालवत नाही’ अशी चूक आली म्हणजे पॉवर कनेक्टरमधून आत येतेय आणि कनेक्टरच्या पिना ‘पॅसिव्ह’ प्रकारच्या आहेत. त्या नेटवर पॉवर-फ्लॅग हा सिम्बॉल लावा. ग्राउंडलाही लागतो. मध्ये फेराइट बीड असेल तर त्याच्या पुढची नेट वेगळी होते, तिथे पुन्हा एक. दिसेल तिथे चिकटवत मात्र जाऊ नका, नाहीतर खरोखर तुटलेली पॉवर कधीच दिसणार नाही. दुसरी: वायर पिनला टेकलेली दिसते, पण जोडलेली नाही. पिनच्या टोकाला बारीक वर्तुळ अजून दिसत असेल तर ती सुटी आहे. बहुतेक वेळा कोणीतरी ग्रिड बारीक करून सिम्बॉल ठेवलेला असतो. स्कीमॅटिकचा ग्रिड ५० मिल, म्हणजे १.२७ मिमी, तेवढाच ठेवा आणि तो कशासाठीही बदलू नका. ग्रिडबाहेरची टोकं दाखवणारी वेगळी तपासणी आता ईआरसीमध्येच आहे.

डीआरसीच्या खिडकीत ‘टेस्ट फॉर पॅरिटी बिट्वीन पीसीबी अँड स्कीमॅटिक’ अशी टिक आहे. ती दर वेळी लावा. दोनदा आलेले पार्ट, बोर्डावर नसलेले पार्ट, जादाचे पार्ट, न जुळणाऱ्या नेट, सगळं तिथे येतं. आवृत्ती ८ पासून ईआरसी आणि डीआरसी कमांड लाइनवरूनही चालतात, आणि चूक सापडली तर शून्य नसलेला एक्झिट कोड देण्याचा पर्याय आहे. मी ते गिटच्या कमिटला (बदल नोंदवण्याच्या पायरीला) जोडून ठेवलं आहे, पॅरिटीच्या तपासणीसकट. धागा तुटलेला बोर्ड आता माझ्याकडून कमिटच होत नाही. जोडायला एक संध्याकाळ लागली, आणि या लेखातलं एकच काही करणार असाल तर ते करा.

शेवटी, हे साधन सुधारायचं असेल तर काय हवं, यावर माझं मत. एफ-८ ची यादी सगळ्या बदलांना सारखंच लेखते. ‘किंमत बदलली’ आणि ‘राउट झालेला पार्ट काढला’ या दोन ओळी एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या. मला हवं आहे ते असं: काढल्या जाणाऱ्या पार्टच्या पॅडला ट्रॅक जोडलेले असतील आणि त्याच नावाचा पार्ट त्याच फेरीत घातला जात असेल, तर प्रोग्रॅमने थांबून विचारावं, ‘हा तोच पार्ट आहे का?’ लागणारी सगळी माहिती त्याच्याकडे त्या क्षणी असते. उपशीटचा चौकोन पुसतानाही तसंच: आतल्या किती पार्टचे बोर्डाशी धागे तुटतील तो आकडा दाखवावा.

अशी मागणी किंवा बगची तक्रार किकॅडच्या गिटलॅबवर नोंदवता येते, आणि मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे ती थेट लिहिणाऱ्यांपर्यंत जाते. पण ‘माझे पार्ट उडाले’ एवढंच लिहून कोणाला काही करता येत नाही. नवा रिकामा प्रोजेक्ट घ्या, दोन रेझिस्टर आणि एक उपशीट ठेवा, अडचण त्यात पुन्हा घडवा. कोणत्या पायरीनंतर काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं ते क्रमाने लिहा. हेल्प मेन्यूतल्या ‘अबाउट’च्या खिडकीतून आवृत्तीची पूर्ण माहिती कॉपी करून चिकटवा आणि तो छोटा प्रोजेक्ट झिप करून जोडा. एफ-८ च्या आधीची बोर्ड फाइल आणि नंतरची, दोन्ही द्या. पाथच्या ओळी कुठे बदलल्या ते वाचणाऱ्याला त्या दोन फाइली शेजारी ठेवून लगेच दिसतं.